पांढरी पुडी आणि गोल झालेला चेहरा

प्रश्न: डॉक्टर, आई ६१ वर्षांची, गावी असते देवगडकडे. गुडघे आणि कंबर दोन वर्षं झाली धरलीयेत. मार्चपासून आठवडा बाजारात बसणाऱ्या एका माणसाकडून पांढऱ्या पावडरीच्या पुड्या घेते, रोज एक, तो सांगतो जडीबुटी आहे. खरं सांगायचं तर चार दिवसांत फरक पडला, यंदा भातलावणीला पण उतरली, म्हणते "माका आता काय दुखना नाय". पण चेहरा गोल झालाय, शेजारीपाजारी म्हणतात तब्येत सुधारली, आणि साखर कधीच नव्हती ती आता २१० आलीय. यात स्टिरॉइड असतं म्हणे. गणपतीला जाईन तेव्हा सगळ्या पुड्या चुलीत घालू का?
– एक वाचक, मुंबई

उत्तर: ताई, चुलीत नका घालू, आणि गणपतीची वाटही नका बघू.

पुडीत काय आहे ते तपासल्याशिवाय छातीठोक सांगता येणार नाही, पण चार दिवसांत आराम, गोल चेहरा आणि नवी साखर, हे तिन्ही एकत्र दिसलं की मला पहिला संशय स्टिरॉइडचाच येतो. आता गंमत बघा, किडनीच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या रोज कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, बनवतात, पण बाहेरून आयतं मिळायला लागलं की तीन-चार आठवड्यांत त्या सुस्तावतात, आणि आईचे तर पाच महिने झालेत. अशात पुडी एकदम तोडली तर माणूस गळून जातो, उलट्या होतात, बीपी पडतं, जिवावरही बेतू शकतं. म्हणून उद्या-परवाच फिजिशियनकडे न्या, सोबत पुडी न्या, लपवू नका. ते बहुतेक मोजून प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्याच गोळ्या देतील आणि हळूहळू, कधी कधी काही महिने लावून, कमी करत आणतील. मध्ये ताप आला तर त्याच दिवशी दाखवा, कारण लावणीच्या चिखलात लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप, आपल्याकडे आहेच आणि स्टिरॉइड ताप झाकूनही ठेवतं.

स्टिरॉइड म्हणजे विष असंही नाही हं. १९४८ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकला डॉ. हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या बाईला कॉर्टिसोन हे स्टिरॉइड दिलं आणि ती काही दिवसांत चालायला लागली, १९५० मध्ये त्यांना दोघांसोबत नोबेलही मिळालं. आजही सांधे सुजणाऱ्या आमवातात मुख्य औषध लागू पडेपर्यंत आम्ही थोडे दिवस थोडा डोस देतो. पण झिजलेला गुडघा नि वाकून वाकून धरलेली कंबर, यासाठी रोजची गोळी कामाचीच नाही, उलट हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो, खुब्याचं हाड खराब होऊ शकतं. गुडघ्यात इंजेक्शन घेता येतं, काही आठवडे बरं वाटतं, पण एकाच सांध्यात वर्षाला तीन-चारच्या वर नको, आणि नंतर काही दिवस साखर चढते ते लक्षात ठेवा.

डॉक्टरांनी गोळी दिलीच तर सकाळी, नाश्त्यानंतर. वरून डायक्लोफेनॅकसारखी दुखण्याची गोळी मनाने नको, पोटात अल्सर होऊन रक्त जाऊ शकतं. कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्वाचं विचारून घ्या. आणि जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून पुन्हा पुन्हा गोळ्या आणणं तर नकोच, पुडीवाला आणि हे सारखंच.

अजून एक, डोस कमी होताना गुडघे परत कुरकुरणार. आईला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर "डॉक्टरच्या औषधान जास्त दुखता" म्हणून ती पुढच्या बाजाराला परत त्याच माणसासमोर उभी असेल.