तुमचे प्रश्न: पिवळा ताप म्हणजे कावीळ का?

प्रश्न: भाचा बोटीवर लागलाय, पिवळ्या तापाची लस घ्यायला सांगतायत. ही कावीळच ना? आणि डासाने होते हे शोधलं कुणी?
– एक वाचक, दापोली

उत्तर: नाही हो ताई, डोळे पिवळे होतात म्हणून नाव, पण व्हायरस वेगळा. आपल्याकडे हा ताप नाही, डास मात्र आहे, वाडीत पडलेल्या करवंटीतल्या पाण्यात होतो तोच डेंग्यूवाला, म्हणून तर एवढी कडक तपासणी. क्युबाच्या कार्लोस फिनले यांनी १८८१ लाच डासावर बोट ठेवलं होतं, कुणी मनावर घेतलं नाही. मग १९०० मध्ये अमेरिकन लष्कराचे डॉक्टर तिथे गेले, त्यातल्या कॅरोलनी स्वतःला डास चाववून घेतला नि मरता मरता वाचले. ते वाचले हे कळल्यावर या डॉक्टरांचे प्रमुख रीडसाहेब, त्यांनी वॉशिंग्टनहून खुशीचं पत्र लिहिलं आणि वर विचारलं काय, तर डासानेच केलं का हे! (डॉक्टरकी सुटत नाही.) त्याच डॉक्टरांतल्या लाझीरनी ८ सप्टेंबरला बायकोला कळवलं, खऱ्या जंतूचा माग लागलाय बहुतेक, पण कुठे बोलू नकोस. २५ ला तेच या तापाने गेले, वय ३४.

भाच्याला सांगा, लशीचं कार्ड १० दिवसांनी लागू होतं, आदल्या दिवशी धावू नको.