हलका लॅपटॉप, चाळीस हजारांचं बजेट आणि बदलापूर लोकल

प्रश्न : नमस्कार सर. मी ज्युनियर वकील आहे. रोज बदलापूरहून सीएसएमटी, तिथून चालत फोर्टला सीनियरांच्या ऑफिसात. अधूनमधून कल्याण आणि उल्हासनगर कोर्ट. सध्या भावाचा जुना पंधरा इंची लॅपटॉप वापरते. चार्जरसकट तो तीन किलोच्या घरात जातो आणि आता उजवा खांदा कायम दुखतो. बजेट ४० हजार, हप्त्यावर काही घ्यायचं नाही. काम म्हणजे इंग्रजी-मराठी ड्राफ्टिंग, शेकडो पानांच्या पीडीएफ, ई-फायलिंग आणि कधीकधी व्हीसीवर (व्हिडिओ कॉन्फरन्सवर) सुनावणी. तीन पर्याय काढलेत :

(अ) नवा, १.२ किलो, इंटेल एन१००, ४ जीबी रॅम, १२८ जीबी ईएमएमसी, १३६६ बाय ७६८ पडदा, ३८ वॉट-अवर बॅटरी, २४ हजार.
(आ) नवा, १.५ किलो, रायझन ५ ७५२०यू, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, फुल एचडी पडदा, ४२ वॉट-अवर, ३९ हजार.
(इ) रिफर्बिश्ड थिंकपॅड टी४८०एस, १.३२ किलो, आय५-८३५०यू, १६ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, फुल एचडी पडदा, ५७ वॉट-अवर, सहा महिन्यांची दुकानाची वॉरंटी, २६ हजार.

दुकानदार पहिला घ्या म्हणतो, भाऊ दुसरा. मला तिसरा आवडलाय, पण वापरलेली वस्तू घ्यायला धीर होत नाही. काय करू?
— एक वाचक, बदलापूर

उत्तर : ताई, तिसरा घ्या. मात्र दुकानात बसून काही गोष्टी स्वतः तपासा आणि खोट निघाली तर उठून यायची तयारी ठेवा. काय तपासायचं ते पुढे लिहितो. आधी बाकीचे दोन का नकोत ते सांगतो, कारण तुमच्यासारखी पत्रं दर महिन्याला येतात आणि बहुतेकांना दुकानात पहिल्याच मशीनकडे वळवलेलं असतं.

लॅपटॉप हलकाही आणि स्वस्तही असेल, तर कंपनीने कुठेतरी हात आखडता घेतलेला असतोच. त्यात फसवणूक नाही, त्याशिवाय ती किंमत निघतच नाही. आपण बघायचं ते एवढंच, की जिथे कापलंय ते नंतर आपल्याला वाढवता येईल का. एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची जागा, बदलता येते, बॅटरी बदलता येते, चार्जर दुसरा मिळतो. बोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे पक्की जोडलेली रॅम (चालू कामं धरून ठेवणारी मेमरी) मात्र वाढत नाही. निकृष्ट पडदा बदलायचा खर्च अशा मशीनला परवडत नाही. म्हणून पैसे आधी रॅमवर आणि पडद्यावर घालायचे आणि काटकसर बाकी ठिकाणी करायची, असं मी गिऱ्हाइकांना कायम सांगतो.

या हिशेबात पहिला पर्याय लगेच बाद होतो. विंडोज ११ साठी कमीत कमी ४ जीबी रॅम लागते असं मायक्रोसॉफ्ट सांगतं, म्हणजे तेवढ्यावर ते सुरू होतं. पण सुरू होऊन स्थिरावेपर्यंतच तिथली बहुतेक रॅम संपलेली असते. वर ब्राउझर, वर्ड आणि सहाशे पानांची स्कॅन केलेली पीडीएफ उघडली की मशीन उरलेलं ओझं ईएमएमसीवर, म्हणजे फाइली साठवायच्या स्वस्त चिपवर, टाकू लागतं. ती एसएसडीच्या मानाने खूप संथ असते. सीनियर म्हणतात पान ४१२ काढ, आणि तुम्ही फिरत्या गोलाकडे बघत बसता. शिवाय ही ईएमएमसीही बोर्डावरच सोल्डर केलेली असते. ती गेली की दुरुस्ती थेट बोर्डावर येते. एन१०० हा प्रोसेसर वाईट नाही. २०२३ सालचा, चार कोअरचा (चार कामं एकदम करू शकणारा), वीज अगदी जपून वापरणारा. त्याच्याभोवती जे बसवलंय ते तुमच्या कामाचं नाही. आणि ७६८ ओळींच्या पडद्यावर पान वाचता येईल एवढं मोठं केलं की अर्धंसुद्धा दिसत नाही. दिवसभर दावे आणि कैफियती वाचणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना ही शिक्षा मी देणार नाही.

अशा मशीनवर कधीकधी विंडोज 'एस मोड'मध्ये येतं. त्यात मायक्रोसॉफ्ट स्टोअरबाहेरचं सॉफ्टवेअर बसत नाही, म्हणजे तुमच्या डिजिटल सहीच्या टोकनचंही (सही साठवलेलं, पेनड्राइव्हसारखं उपकरण) बसणार नाही. त्या मोडमधून बाहेर फुकट पडता येतं, पण पुन्हा आत जाता येत नाही. हे घरच्या कुणासाठी घेताना लक्षात ठेवा.

दुसरा पर्याय सुचवण्यात भावाचं चुकलं नाही. नवी बॅटरी, नवी वॉरंटी, मोकळी जागा. फक्त नावातला '७' बघून तो अगदी ताजा प्रोसेसर आहे असं समजू नका. रायझन बनवणाऱ्या एएमडीच्या या मालिकेत चार आकड्यांतला तिसरा आकडा आर्किटेक्चर, म्हणजे आतली रचना, सांगतो. ७५२०यू मधला २ म्हणजे झेन २, आणि ते २०१९ सालचं आहे. ७५३०यू मधला ३ म्हणजे झेन ३. दुकानात दोन्हींवर 'रायझन ५, ७००० सिरीज' एवढीच चिठ्ठी असते, पण ७५२०यू चार कोअरचा आहे आणि ७५३०यू सहा. तुमच्या कामाला ७५२०यू चा वेग पुरेल. अडचण ८ जीबीची आहे, कारण या प्रोसेसरबरोबरची रॅम सोल्डर केलेलीच येते. आज ८ जीबीत तुमचं काम कसंबसं भागेल, पण हप्ता न घेता साठवलेले ३९ हजार घालताना मशीन चार-पाच वर्षं चालावं असं तुम्हाला वाटणार. वापरलेलं नकोच असं मन घट्ट सांगत असेल, तर हाच १६ जीबीत शोधा आणि थोडं बजेट ताणा. ८ जीबीत घेऊ नका.

आता वजन, कारण मूळ दुखणं खांद्याचं आहे. माझ्याकडे येणाऱ्याला मी नेहमी सांगतो की नुसता लॅपटॉप नको, रोजची बॅग पूर्ण भरून काट्यावर ठेवा. तुमच्या पहिल्या आणि तिसऱ्या पर्यायात १२० ग्रॅमचा फरक आहे. चार्जर आणि त्याची तीन पिनांची जाड वायर मिळून पाव किलोच्या पुढे जातात. म्हणजे चार्जर बॅगेतून काढू शकलात तर १.३२ किलोचं मशीन चार्जरसकट नेलेल्या १.२ किलोच्या मशीनपेक्षा खांद्याला हलकं पडतं.

चार्जर काढता येईल का, ते बॅटरीवर ठरतं. बॅटरीवर वॉट-अवरचा आकडा छापलेला असतो. मशीन किती वॉट खातं त्याने त्याला भागलं की तास निघतात. वर्ड, पीडीएफ आणि मध्यम ब्राइटनेसवर टी४८०एस साधारण ७-८ वॉट घेईल असं धरा. ५७ भागिले ८ म्हणजे सात तास. पण ते नव्या बॅटरीचं गणित झालं. वापरून ती ४२ वॉट-अवरवर आलेली असेल तर सव्वापाच तास. एन१०० वालं मशीन ६ वॉटवर चाललं तर ३८ वॉट-अवरमध्ये सहा तासांच्या वर जाईल, म्हणजे जुन्या बॅटरीच्या टी४८०एसला ते इथे मागे टाकतं. व्हीसी सुरू झाली की कॅमेरा, वायफाय आणि प्रोसेसर एकदम जागे होतात आणि कुठल्याही मशीनचे तास जवळपास निम्मे होतात.

म्हणून तिसरा घेतल्यावर जे १४ हजार उरतात ते लगेच दुसऱ्या कशात घालू नका. त्यातून ६५ वॉटचा चांगला यूएसबी-सी चार्जर घ्या आणि तो फोर्टच्या ऑफिसात कायमचा ठेवा. टी४८०एस यूएसबी-सीवर चार्ज होतो आणि त्याच चार्जरवर फोनही. दुकानातून मिळेल तो चार्जर घरी राहू द्या. मग रोजच्या बॅगेत चार्जर नाहीच, फक्त कल्याण-उल्हासनगरच्या दिवशी घ्यायचा. उरलेले पैसे बॅटरी थकेल तेव्हा नव्या बॅटरीसाठी राखा. फोनचा जुना छोटा चार्जर मात्र याला चालणार नाही, पीडी (पॉवर डिलिव्हरी) लिहिलेला आणि निदान ४५ वॉटचा लागतो.

लोकलबद्दलही लिहायला हवं. सकाळच्या बदलापूर गाडीत बॅग पोटाशी घेऊन उभं राहिलं की मागून-पुढून येणारा सगळा दाब झाकणाच्या मधोमध पडतो. स्वस्त हलक्या मशीनचं पातळ प्लास्टिकचं झाकण तिथे आत दबतं, पडदा बंद की-बोर्डवर टेकतो आणि पडद्यावर बटणांचे चौकोनी ठसे उमटतात. सुरुवातीला ते कापडाने पुसले जातात. पुढे त्याच जागी पांढुरके ठिपके येतात, ते आतले असतात आणि जात नाहीत. असे पडदे माझ्या टेबलावर सतत येतात आणि आणणारा दर वेळी म्हणतो की लॅपटॉप पडला नव्हता. खरंच पडलेला नसतो. ऑफिसांसाठी बनवलेल्या मालिकांचं झाकण जास्त ताठ असतं, तिसरा पर्याय सुचवण्यामागे हेही एक कारण आहे. तरीही झाकणाच्या बाजूला तुमची पुठ्ठ्याची केस-फाइल ठेवत जा, आणि टिफिन त्या कप्प्यात कधीच नको.

आता दुकानात काय बघायचं ते. जाताना तुमचं सहीचं टोकन आणि एक पेनड्राइव्ह बरोबर न्या. टोकन जुन्या चौकोनी यूएसबीचं असतं. टी४८०एसला तसे दोन पोर्ट आहेत, शिवाय एचडीएमआय आणि लॅनही, त्यामुळे अडॉप्टरचं लेंडार लागत नाही. दोन्ही पोर्टमध्ये टोकन लावून दिवा लागतो का पाहा. दोन्ही यूएसबी-सी पोर्टवर चार्जिंग होतंय का तेही पाहा.

मग वर्डचं कोरं पान पूर्ण पडद्यावर आणा, ब्राइटनेस पूर्ण करा आणि दुकानातला दिवा थोडा आडवा येईल असं बसून मी वर सांगितलेले ठिपके शोधा. वकालतनाम्याचा एक अख्खा परिच्छेद मराठीत टाइप करा. इनस्क्रिप्टमध्ये (भारतीय भाषांच्या ठरावीक की-बोर्ड मांडणीत) शिफ्टसकट जवळपास सगळी बटणं वापरली जातात, त्यामुळे मेलेलं बटण लपत नाही. बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजीचा बॅटरी-रिपोर्ट काढायला सांगा. त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे येतात. दुसरा ४२ हजार मिलिवॉट-अवरच्या (म्हणजे ४२ वॉट-अवरच्या) खाली असेल तर नवी बॅटरी बसवून मागा किंवा तेवढी किंमत कमी करून मागा.

सगळ्यात महत्त्वाचं, मशीन चालू होताना एफ१ दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) जा. तिथे पासवर्ड मागितला तर ते मशीन घेऊ नका. ही मशीन मोठ्या कंपन्यांतून निघालेली असतात आणि कुलूप काढायचं राहिलेलं असतं. दुकानदार 'नंतर काढून देतो' म्हणाला तरी थांबू नका. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि तो तळाच्या नंबराशी जुळवा. प्रोसेसरचं नावही डोळ्यांनी वाचा. आय५-८३५०यू आठव्या पिढीचा आहे आणि विंडोज ११ ला अधिकृतपणे चालतो. सातव्या पिढीचा आय५-७३००यू चालत नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. बाहेरून ही मशीन सारखी दिसतात, म्हणून पंचवीस-सव्वीस हजारांत सातवी पिढी गळ्यात पडू शकते.

घरी आणल्यावर विंडोज नव्याने टाका आणि बिटलॉकर (डिस्कवरचं सगळं कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू करा. तुमच्या बॅगेत लोकांचे घटस्फोटाचे आणि जमिनीचे कागद असतात, आणि लोकलमध्ये बॅग जायला वेळ लागत नाही. बिटलॉकर विंडोजच्या प्रो आवृत्तीत पूर्ण मिळतं, म्हणून लायसन्स प्रोचं आहे ना ते विचारून घ्या. रिकव्हरी की (अडलं तर ते कुलूप उघडायचा नंबर) कागदावर छापून घरच्या कपाटात ठेवा. सीनियरांकडचे मराठी ड्राफ्ट श्री-लिपी या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये असतील तर त्याचं लायसन्स नव्या मशीनवर कसं आणायचं हे जुना लॅपटॉप पुसण्याआधी विचारा.

प्रश्न : आई निवृत्त शिक्षिका आहे, रत्नागिरीला एकटी असते. तिला आठवणी लिहायच्या आहेत, नातवाशी व्हिडिओ कॉल करायचा आहे, भजनं ऐकायची आहेत. फार जड उचलवत नाही. २५-२८ हजारांत काय घ्यावं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : वरच्या ताईंना नको म्हटलेला एन१०० तुमच्या आईंना चालेल, पण ८ जीबी रॅम आणि एसएसडीसह. ४ जीबी-ईएमएमसीचा नको. एका वेळी एकच काम चालणार असल्याने वेग पुरतो. त्यांच्यासाठी मी वजनापेक्षा पडदा बघेन : चौदा इंच, फुल एचडी, आयपीएस, म्हणजे कोनातून पाहिलं तरी रंग फिके पडत नाहीत. विंडोजमध्ये मराठी फोनेटिक (रोमन अक्षरांतून उच्चाराप्रमाणे टाइप करायचा) की-बोर्ड आधीच असतो, भाषेच्या सेटिंगमधून तो जोडून द्या आणि मराठी अक्षरांचे स्टिकर की-बोर्डवर लावू नका. ते इनस्क्रिप्टप्रमाणे असतात आणि फोनेटिकशी जुळत नाहीत, आई गोंधळून जातील. मशीन तुम्ही पुण्यात घ्या, पण आधी त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर रत्नागिरीत आहे की कोल्हापूरला न्यावं लागेल, हे फोन करून विचारा. नसेल तर घरी येऊन दुरुस्त करून देणारी वॉरंटी जास्त पैसे देऊन घ्या.