अमेरिकेत पक्षाच्या उमेदवारीच्या शर्यतीत मागे पडलेल्याने माघार कधी घ्यावी?

मतं नव्हे, डेलिगेट (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी) मोजा. उरलेल्या राज्यांत जिंकूनही फरक भरून निघत नसेल, तर गाशा गुंडाळायची वेळ झाली.

२००८ची डेमोक्रॅटिक लढत बघा. फेब्रुवारीत ओबामांनी ओळीने राज्यं जिंकली आणि आघाडी घेतली. त्या पक्षात डेलिगेट मतांच्या प्रमाणात वाटले जातात, त्यामुळे एखादं मोठं राज्य जिंकूनही मागच्याच्या पदरात फारसं पडत नाही. त्यांच्या प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटन यांनी मार्चमध्ये ओहायो, एप्रिलमध्ये पेनसिल्व्हेनिया जिंकलं, तरी अंतर जेमतेम हललं. स्वतःच्या खिशातले लाखो डॉलरही प्रचारात घातले. अखेर सगळ्या प्रायमरी (राज्याराज्यांतलं उमेदवारीसाठीचं मतदान) संपल्यावर, ७ जूनला, त्यांनी ओबामांना पाठिंबा दिला.

उशीर केला का? मला नाही वाटत. सुपरडेलिगेट, म्हणजे मतदारांच्या कौलाला बांधील नसलेले पक्षाचे नेते, कुणाच्याही बाजूने झुकू शकत होते, म्हणजे दार पूर्ण बंद नव्हतं. आणि एवढं ताणूनही ओबामा नोव्हेंबरमध्ये आरामात निवडून आले, त्यामुळे ‘लांबलं की पक्ष बुडतो’ ही ओरड मला तरी अर्धवट वाटते.

उलट उदाहरण २०२०च्या डेमोक्रॅटिक लढतीचं. बुटिजेज आणि क्लोबुशार हे दोन उमेदवार सुपर ट्युझडेच्या (एकाच दिवशी अनेक राज्यांत मतदान होतं तो मंगळवार) तोंडावर बाहेर पडले, बायडेनमागे उभे राहिले आणि चित्रच पालटलं. जिंकणं हातात नसताना कोण जिंकणार हे ठरवता येत असेल, तर तेव्हाच निघावं. नंतर तुमच्या पाठिंब्याला कुणी विचारत नाही.

बाकी तिथे बहुतेक जण ‘माघार’ म्हणतच नाहीत, प्रचार ‘स्थगित’ करतात.