वाचकांचे प्रश्न : पडद्यावरची आरमारी लढाई

प्रश्न : ‘द बॅटल ऑफ द रिव्हर प्लेट’ (१९५६) या युद्धपटात आपल्या नौदलाचं जहाज आहे म्हणतात. ते ओळखायचं कसं? – एक वाचक, मिरज

उत्तर : ते जहाज म्हणजे ‘आयएनएस दिल्ली’, आणि तिने भूमिका केली तीही स्वतःचीच! १३ डिसेंबर १९३९ ला हीच क्रूझर (मध्यम आकाराची युद्धनौका) ‘अकिलिस’ नावाने, ब्रिटिशांच्या बाजूने, जर्मन युद्धनौका ‘ग्राफ श्पे’विरुद्धच्या या लढाईत होती. १९४८ मध्ये ती भारताकडे आली.

आधी धुरांडी मोजा. दिल्लीला एकच आहे. अकिलिसच्या जोडीला लढलेली ब्रिटिश क्रूझर ‘एजॅक्स’ म्हणून दाखवलेल्या ‘शेफील्ड’ला दोन, खऱ्या एजॅक्सला मात्र एकच होतं. मग तोफांचे बुरूज पाहा. लढाईत अकिलिसवर दोन-दोन तोफांचे चार बुरूज होते, पुढे दोन आणि मागे दोन. १९४३-४४ च्या डागडुजीत मागच्यांपैकी एक काढून विमानविरोधी तोफा बसवल्या, म्हणून सिनेमात मागे एकच दिसतो. जर्मन ‘ग्राफ श्पे’च्या जागी अमेरिकन ‘सेलम’ आहे, आणि खरी तडजोड तिथेच झाली आहे. श्पेवर ११ इंची सहा तोफा होत्या, पुढे एक व मागे एक अशा दोन बुरुजांत. सेलमवर ८ इंची नऊ, तीन बुरुजांत. नाकाकडे दोन बुरूज दिसले, की ती सेलम.

प्रश्न : श्पे शेवटी कोणी बुडवली? – एक वाचक, कराड

उत्तर : तिच्याच कप्तानाने, लांग्सडॉर्फ यांनी. तटस्थ उरुग्वेच्या माँटेव्हिडिओ बंदरात थांबायची मुदत संपल्यावर १७ डिसेंबरला बाहेर नेऊन सुरुंगांनी उडवली.

प्रश्न : लघुपटासाठी मॉडेल-जहाज पाण्यात चित्रित केलं, पण ते खेळणंच वाटतं. – विद्यार्थी, विश्रामबाग, सांगली

उत्तर : लाटा फार भराभर हलतात, म्हणून. मॉडेल जितक्या पटीने लहान, त्या संख्येच्या वर्गमुळाइतका वेग कमी करायचा. १:१०० असेल तर दहापट. म्हणजे सेकंदाला २४० फ्रेम घेऊन २४ ने दाखवायच्या. मोबाइलचा तयार स्लो-मोशन बहुधा ३० ने चालतो, म्हणजे आठपटच. एडिटिंगमध्ये २४ करा. कॅमेरा पाण्याला जवळजवळ टेकवा, वरून घेतलं की फसलंच. थेंब मात्र लहान होत नाहीत, त्यामुळे मॉडेल जमेल तेवढं मोठं घ्या आणि पाण्यात थोडं भांड्यांचं लिक्विड मिसळा. फेस येईल इतकं नको. कृष्णेच्या वाहत्या पाण्यापेक्षा हौद बरा, पण कडेवरून लाटा परत येतात. तिथे गोणपाट सोडा. चित्रीकरण उन्हातच करा. २४० फ्रेमना उजेड भरपूर लागतो, आणि घरचे बरेचसे एलईडी दिवे लुकलुकताना दिसतात.