तुपावाचून बोरनहाण आणि मुलांच्या हाती शिवलेला बटवा

संक्रांत जवळ आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांमध्ये स्वयंपाकघर आणि शिवणाचा डबा असे दोनच विषय उरतात. या वेळी ते दोन्ही विषय एकाच समारंभाभोवती फिरत आहेत, म्हणून निवडक पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : माझ्या नातवाचे पहिले बोरनहाण संक्रांतीनंतरच्या रविवारी आमच्या घरी करायचे आहे. तो 14 महिन्यांचा आहे. माझी सून दूध, दही, तूप, मध यांपैकी काहीही घेत नाही आणि त्या दिवसाचे सगळेच जेवण तसे असावे, अशी तिची इच्छा आहे. आमच्या जाऊबाईंचे म्हणणे असे की, तुपाशिवाय वाढलेले पान म्हणजे पाहुण्यांचा अपमान. मुले धरून 25 माणसे होतील. काय करावे?
— एक आजी, अंबाजोगाई

उत्तर : आपल्या पत्रातली अडचण स्वयंपाकाची कमी आणि मानपानाची अधिक आहे, असे मला वाटते. स्वयंपाकापुरते बोलायचे तर पौषात आपल्याकडे जे शिजते, त्यातले बहुतेक सगळे सूनबाईंना आधीपासूनच चालणारे आहे. वांगी, गाजर, वालाच्या शेंगा, ओला हरभरा आणि भुईमुगाचे दाणे घालून तिळाच्या कुटात शिजवलेली भोगीची भाजी, तीळ थापलेली बाजरीची भाकरी, मिरचीचा ठेचा, जवसाची आणि कारळाची चटणी, शेतातून कुणी आणून दिलाच तर गरम हुरडा. यात दुधाचा थेंबही नाही. नुकतीच येळवस, म्हणजे शेतात जाऊन जेवायची वेळ अमावास्या, होऊन गेली आहे. शेतात बसून शेंगा-भाज्यांच्या भज्जीवर ताव मारताना ‘यात तूप का नाही’ असे आपल्यापैकी कुणी विचारल्याचे मला तरी आठवत नाही.

दुधातुपाचा शिरकाव होतो तो कडेकडेने. भाकरीवर लोण्याचा गोळा येतो, गुळाच्या पोळीवर तूप येते, तिळाच्या लाडवांच्या पाकात ‘जरा चकाकी यावी’ म्हणून चमचाभर तूप पडते. बाळाला घालायच्या हलव्याच्या दागिन्यांचे तर कुणाच्या लक्षातही येत नाही. साखरेच्या पाकाची मळी काढण्यासाठी त्यात थोडे दूध घालण्याची जुनी पद्धत आहे, तेव्हा हलवा विकत घेणार असाल तर करणाऱ्या बाईंना तेवढे आधी विचारून घ्यावे. गुळाच्या पोळीचे काम सोपे आहे, कारण सारणातले बेसन तेलावर भाजले आणि कणकेला तेलाचेच कडकडीत मोहन घातले, तर पोळी चार दिवस खुसखुशीत राहते. भाकरीवरच्या लोण्याच्या जागी घाण्याचे करडईचे तेल ठेवावे. गरम भाकरीवर कारळाची चटणी आणि तिच्यात बोटाने केलेल्या खळग्यात कच्चे तेल ही काही पर्यायी व्यवस्था नाही. आपल्या आजोबांच्या ताटातली ती नेहमीची गोष्ट होती.

उरते ते दही. धपाटे करणार असाल, तर त्यांच्यासोबत दह्यावाचून चुकल्यासारखे वाटेल, हे मान्य. त्यासाठी शेंगदाण्याचे दही लावावे, मात्र ते समारंभाच्या आदल्या दिवशी पहिल्यांदाच करून पाहू नये, किमान तीन दिवस हाताशी ठेवावेत. वाटीभर कच्चे शेंगदाणे रात्रभर भिजवून सकाळी चोळून त्यांची साले काढावीत, तीन वाट्या पाण्यात बारीक वाटून पंचातून घट्ट पिळून घ्यावेत आणि ते दूध मंद आचेवर सतत ढवळत एक चांगली उकळी आल्यानंतरही पाचसात मिनिटे शिजू द्यावे, म्हणजे कच्चा वास जातो. तळाला ते फार लवकर लागते, तेव्हा उलथने हातातून सोडू नये. करंगळीला सोसेल इतके कोमट झाले की, देठ असलेल्या पाच-सहा हिरव्या मिरच्या धुऊन, देठ बुडतील अशा बेताने त्यात सोडाव्यात. विरजणाचे काम या देठांवरचे जिवाणू करतात, मिरचीचा तिखटपणा नव्हे. जानेवारीतल्या आपल्याकडच्या रात्री गार असतात, म्हणून भांडे जाड टॉवेलात गुंडाळून गव्हाच्या कोठीत किंवा पिठाच्या मोठ्या डब्यात पुरून ठेवावे आणि दहा-बारा तास त्याला हात लावू नये. पहिले दही पातळ लागते आणि त्याला मिरचीचा वास येतो. पहिल्या खेपेला मी तेच पाहुण्यांपुढे ठेवले होते आणि त्यांच्या चेहऱ्यांवरून मला माझी चूक कळली. ते दही वाढायचे नसतेच. त्यातले दोन चमचे विरजण म्हणून दुसऱ्या दिवशीच्या ताज्या शेंगदाण्याच्या दुधाला लावायचे. हे दुसरे दही घट्ट लागते, त्याला वासही येत नाही आणि मीठ, जिरेपूड घातल्यावर धपाट्यासोबत ते बिनतक्रार खपते.

याच ठिकाणी एक गोष्ट ठासून सांगायला हवी. या जेवणात शेंगदाणा आणि तीळ जागोजागी आहेत आणि काही मुलांना नेमकी त्यांचीच ॲलर्जी असते. बोलावणे करतानाच प्रत्येक आईला तसे विचारावे आणि एक भाजी दाण्याच्या व तिळाच्या कुटाशिवाय, वेगळ्या पातेल्यात आणि वेगळ्या पळीने करावी. शिवाय बोरनहाणात बाळाच्या डोक्यावरून आपण जे ओततो, ती बोरे, हरभरे, भुईमुगाच्या शेंगा, उसाचे करवे हे सगळे 14 महिन्यांच्या बाळाच्या घशात अडकण्याजोगे असते. ओतण्यासाठी चुरमुरे जास्त घ्यावेत, बाकीचे मूठभर प्रथेपुरते ठेवावे आणि ओतून होताच बाळाला लगेच उचलून कडेवर घ्यावे. हलव्याच्या दागिन्यांचा फोटो झाला की, ते उतरवून ठेवावेत, कारण त्यांचा दोरा तुटायला बाळाची एक ओढ पुरते.

आता जाऊबाईंच्या आक्षेपाविषयी. तूप वेगळ्या वाटीत ठेवून ज्याला हवे त्याने घ्यावे, असा मधला मार्ग एरवी मी सुचवला असता. पण बोरनहाण बाळाचे आहे आणि बाळाच्या आईने एका दिवसापुरती एकच गोष्ट मागितली आहे. तिचे म्हणणे राखावे, असे माझे मत आहे. पाहुण्यांना ते पानावर बसल्यावर कळू नये. फोनवरच ‘या वेळी सगळे तेला-तिळाचे आहे, भूक राखून या’ असे सांगून टाकावे. जाऊबाईंकडे गुळाच्या पोळ्यांचे काम सोपवावे. ज्या हाताने पोळी लाटली, तो हात तिला सहसा नावे ठेवत नाही. टोफू आणून त्याची पनीरसारखी ‘शाही’ भाजी करण्याचा विचार कुणी मांडला, तर मात्र तो नम्रपणे बाजूला ठेवावा. नक्कल केली की लोक अस्सलाशी तुलना करतात आणि जे ताट स्वतःच्या बळावर उभे राहिले असते ते उगाच उणे ठरते.

प्रश्न : नारळाच्या दुधाची गूळ घालून बासुंदी केली, ती फुटून चोथापाणी वेगळे झाले. काय चुकले?
— एक वाचक, परभणी

उत्तर : घट्ट दूध उकळले, ही चूक झाली. नारळाचे दुसऱ्या पिळणीचे पातळ दूध उकळू शकते. पहिल्या पिळणीचे घट्ट दूध मात्र शेवटी, आच बंद करून घालायचे असते, आणि गूळही वेगळ्या पाण्यात विरघळवून, गाळून, कोमट झाल्यावर मिसळायचा असतो. तरीही मला विचाराल, तर नारळाच्या मागे लागण्यापेक्षा लातूर-धाराशिवकडची हुग्गी करावी. कांडून कोंडा काढलेला गहू शिजवून त्यात गूळ, सुके खोबरे, खसखस, सुंठ आणि वेलदोडा घातला की, ती पूर्ण होते. दूध आपण वरून घेतो, ते सवयीमुळे.

प्रश्न : बोरनहाणाला येणाऱ्या 12 मुलांना प्लास्टिकच्या वस्तूंऐवजी घरी शिवलेले काही द्यावे, असे मनात आहे. घरात शिलाई मशीन आहे आणि आईच्या जुन्या सुती साड्या आहेत. एक जुनी पैठणीही आहे. तिचे काठ बाळाच्या काळ्या झबल्याला लावावेत का? बाळाची आई प्राण्यांपासून आलेल्या वस्तू वापरत नाही.
— एक मावशी, जालना

उत्तर : पैठणीचे आधी सांगतो. तिला कात्री लावू नये. रेशमाचा धागा किड्यांचे कोष उकळत्या पाण्यात टाकून काढतात, तेव्हा दूध न घेणाऱ्या घराला रेशीमही बहुधा नको असेल. आणि जरीचे काठ बाळाच्या कोवळ्या मानेला टोचतात, ते वेगळेच. झबले साध्या सुती कापडाचे शिवावे, बंद मागे असावेत, आणि कापड शिवण्याआधी दोनदा धुवावे. माझ्या भाचीसाठी मी एकदा दुकानातून आणलेले काळे कापड तसेच शिवले होते. समारंभात तिला लाळ सुटली आणि झबले काढले, तेव्हा हनुवटीपासून बेंबीपर्यंत काळा ओघळ उतरलेला होता. ओला पांढरा रुमाल कापडावर जोराने घासून पाहावा. रुमालाला रंग लागला, तर ते कापड बाळाच्या अंगाला लावू नये.

बारा मुलांसाठी मी नाडीचे बटवे सुचवीन आणि ते निरोप घेताना न देता लुटीच्या आधी द्यावेत, म्हणजे मुले बोरे-चुरमुरे फ्रॉकच्या ओच्यात किंवा विजारीच्या खिशात कोंबण्याऐवजी बटव्यात गोळा करतील. साडीचा जो भाग घ्यायचा तो उजेडापुढे धरून पाहावा आणि दोन्ही अंगठ्यांनी ताणावा. कुठे विरलेले दिसले किंवा कर्र आवाज आला तर तो भाग सोडावा. काठ वगळून दोन मीटर धड कापड निघाले तरी 22 सेंमी रुंद आणि 28 सेंमी उंच असे 28 तुकडे सहज होतात, म्हणजे चौदा बटवे. दोन तुकडे सुलट्या बाजू आत ठेवून जोडावेत आणि तळाला व दोन्ही कडांना 1 सेंमी दाब ठेवून टीप मारावी, पण दोन्हीकडे वरचे 5 सेंमी मोकळे सोडावेत. ही मोकळी जागा विसरली की, नाडी घालायला तोंडच उरत नाही आणि सगळी शिवण उसवावी लागते. त्या मोकळ्या कडा आत दुमडून हातशिलाई करावी. मग तोंडाची कड आधी 1 सेंमी आणि पुन्हा 2 सेंमी दुमडून नेफा शिवावा. साडीच्या काठातून कापून, दुमडून शिवलेल्या 55 सेंमीच्या दोन नाड्या सेफ्टी पिनेने समोरासमोरच्या तोंडांतून ओवाव्यात आणि त्यांच्या टोकांना गाठी माराव्यात. दोन्ही गाठी ओढल्या की, बटवा मिटतो. जुनी साडी फारच मऊ झाली असेल, तर आतून मांजरपाटाचे अस्तर द्यावे.

नाडी तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती देऊ नये; ती गळ्यात अडकू शकते. त्या दोन-तीन लहानग्यांसाठी चिंध्यांची बाहुली करावी. डोळ्यांना गुंड्या आणि मणी बिलकूल लावू नयेत, काळ्या दोऱ्याचे आडवे टाके घालावेत. पोटात गादीचा जुना कापूस भरण्याची आपली सवय सोडावी, कारण धुतल्यावर त्याचे गोळे होतात आणि आतला ओलावा लवकर सुकत नाही. मी स्वच्छ धुतलेल्या मलमलीची घट्ट वळकटी करून तिचेच अंग करतो आणि वरून कापड शिवतो. एखादी शिवण उसवलीच तरी तोंडात जाण्यासारखे काही बाहेर पडत नाही. देण्यापूर्वी बाहुलीचे हात, पाय आणि वेणी प्रत्येकी पूर्ण जोर लावून ओढून पाहाव्यात. आपल्या हातांनी जे निघते, ते बाळाच्या दातांनीही निघते.

प्रश्न : बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका असेल, तर त्यात दूध नाही, असे समजावे का?
— एक वाचक, हिंगोली

उत्तर : नाही. हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो आणि आपल्या व्याख्येत दूध शाकाहारीच आहे. पूर्णपणे वनस्पतीजन्य पदार्थांसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2022 सालच्या नियमांनुसार वेगळे चिन्ह ठरवले आहे. हिरव्या चौकटीतले इंग्रजी ‘व्ही’ अक्षर आणि त्यावर छोटे रोपटे असे ते दिसते. ते नसेल तर घटकांची यादी वाचावी आणि दूध पावडर, व्हे, केसीन, बटर हे शब्द शोधावेत. गावातल्या बेकरीतून आणत असाल, तर थेट भट्टीवाल्याला विचारावे. नानकटाईत डालडा आहे की लोणी, हे तो लपवत नाही.