सँडरसनीला घरात फूल का येत नाही

तुमच्या युट्रिक्युलारिया सँडरसनीची (ओल्या मातीतले सूक्ष्म जीव पकडून खाणारी छोटी मांसाहारी वनस्पती) कुंडी हिरवीगार आहे, वर्ष झालं तरी फूल नाही, म्हणून खत घालू का असं तुम्ही विचारलंय. खत अजिबात घालू नका. या वनस्पतीला मुळंच नसतात. मातीत पसरलेल्या धाग्यांवर बारीक पिशव्या असतात आणि ओल्या मातीतले सूक्ष्म जीव त्या आत ओढून घेतात. पोट त्यावर भरतं. वरून खत घातलं तर शेवाळ माजेल आणि पानांचा गालिचा त्याखाली गुदमरेल.

तुमच्या वर्णनावरून अडचण उजेडाची वाटते. ग्रिल आणि पडद्यामागच्या खिडकीतला उजेड आपल्या डोळ्यांना भरपूर वाटतो, पण त्यावर पानं वाढतात, फुलं येत नाहीत. साधी 20 वॅटची पांढरी एलईडी पट्टी (6500 केल्विन) कुंडीपासून वीतभर उंचीवर लावा आणि टायमरवर रोज 14 तास चालू ठेवा. खास जांभळ्या दिव्याची गरज नाही. पानं आखूड होऊन एकमेकांना चिकटून दाट बसू लागली की उजेड पुरतोय असं समजा.

दुसरी गोष्ट पाण्याची पातळी. हिचं मूळ घर दक्षिण आफ्रिकेत, झिरपत्या ओल्या कातळावर. म्हणजे ओल कायम, पण बुडी नाही. पसरायच्या काळात ट्रेमधलं पाणी अर्ध्या कुंडीपर्यंत असलं तरी चालतं. कुंडी भरून गालिचा काठाला टेकला की ते तळाशी जेमतेम एक सेंटिमीटर ठेवा. माती मात्र कधीही सुकू द्यायची नाही. उजेड आणि पाणी दोन्ही जमलं की साधारण दीड-दोन महिन्यांत दांडे दिसतात. सुरुवातीला ते शिवणाच्या दोऱ्याइतके बारीक असतात, टोकाला मोहरीपेक्षा लहान कळी. तेव्हा कुंडी हलवू नका, वरून पाणीही घालू नका. पांढरं, फिकट जांभळी झाक असलेलं ते फूल उमललं की वरचे दोन सशाचे कान आणि खाली पुढे वळलेली सोंड नीट बघा, भिंगातून बघितलंत तर फारच छान. गालिचा भरला की लोक लगेच रोपाच्या वाटण्या करून वेगवेगळ्या कुंड्यांत लावतात, त्यामुळेही फुलं लांबतात. पहिला बहर येईपर्यंत थांबा.

पाणी आरओचं घालताय ते बरंच, पण घरगुती मशीनमध्ये चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळलेलं असतं. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणाऱ्या मीटरने एकदा तपासा, 50च्या वर असेल तर पावसाचं साठवलेलं किंवा डिस्टिल्ड पाणी वापरा. कोकोपीटमध्ये मीठ असतं, म्हणून मी पीट मॉस (कुजलेल्या शेवाळाचा भुसा) आणि परलाइट (हलके पांढरे खडे) निम्मं-निम्मं घेते.

दुसऱ्या कुंडीतली सुबुलाटा (युट्रिक्युलारियाचाच दुसरा प्रकार) 'नुसत्या कळ्या धरते, उमलत नाही' म्हणता, तर ती तिची रीतच आहे. परिस्थिती मनासारखी नसली की तिची फुलं न उघडताच आतल्या आत बी धरतात. भरपूर उजेडात पिवळी फुलं उघडू शकतात. ते बी शेजारच्या सगळ्या कुंड्यांत उगवतं, म्हणून तिला लांब ठेवा. पाण्यात तरंगणारा प्रकार, गिब्बा, असेल तर पसरट भांड्यात दोन बोटं पाणी ठेवून कडक उजेड द्या. धागे काठच्या चिखलाला टेकले की तिला पिवळी फुलं येतात.

कासहून सीतेच्या आसवांचं (हीदेखील युट्रिक्युलारियाच) बी आणायचा विचार कृपया सोडून द्या. कासचं पठार संरक्षित आहे, शिवाय ती वर्षायू वनस्पती आहे. सड्यावरच्या (कातळाच्या पठारावरच्या) पातळ मातीत पावसाबरोबर उगवायचं, पाऊस ओसरताना फुलायचं, बी टाकून सुकून जायचं, हे चक्र फ्लॅटमध्ये साधत नाही. तिला सप्टेंबरमध्ये तिथेच जाऊन बघा, वाटेवरूनच. घरासाठी लिविडा हा युट्रिक्युलारियाचा प्रकार घ्या. ती सँडरसनीइतकीच सोशिक आहे आणि याच दिव्याखाली फुलते.