सांताची टोपी राहू द्या, पट्टा धरायला या

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत राहतो. आमच्या गावातला प्राण्यांचा निवारा दर डिसेंबरात निधीसाठी पाळीव प्राण्यांचे फोटो काढतो. लोक आपापली कुत्री-मांजरं घेऊन येतात, सांताच्या वेषातल्या माणसाशेजारी बसवून फोटो काढून घेतात आणि ते पैसे निवाऱ्याला जातात. माझी पंधरा वर्षांची मुलगी तिथे मदत करते. यंदा नाताळच्या सुट्टीत आम्ही तीन आठवडे ठाण्याला, पाचपाखाडीत सासरी येतोय. मुलीला तसंच काहीतरी ठाण्यात करायचं आहे. धाकटा नऊ वर्षांचा, तोही मागे लागलाय. सासूबाई घाबरल्यात : 'पोरांना कुत्र्यांमध्ये कशाला पाठवतेस? चावलं म्हणजे?' नवऱ्याचं म्हणणं, सरळ पैसे देऊन टाकू, सुट्टी कशाला घालवायची? नवरा आता अमेरिकन नागरिक आहे, माझा पासपोर्ट अजून भारतीयच. काय करावं?

उत्तर : मुलीला करू द्या. धाकट्यालाही करू द्या, त्याला झेपेल असं काम देऊन. फक्त कार्यक्रम तुम्ही स्वतः भरवू नका. ठाण्यात आणि नवी मुंबईत प्राण्यांसाठी बाराही महिने राबणाऱ्या संस्था आहेत, त्यांच्या हाताखाली काम करायला या. तीन आठवड्यांच्या पाहुण्याने मांडव घातला तर गर्दी जमेल, फोटोही निघतील. पण जानेवारीत तुम्ही विमानात बसाल आणि 'आमचा फोटो अजून आला नाही' असे फोन संस्थेतल्या दोन-तीन माणसांना येत राहतील. ती माणसं तेव्हा घोडबंदर रोडवर गाडीखाली आलेलं कुत्रं उचलत असतात. त्यांचं काम हलकं व्हावं म्हणून आपण जायचं, हे मुलीशी आधी बोलून घ्या.

निरोप आत्ताच पाठवा. अमुक तारखांना ठाण्यात आहोत, दोन रविवार देऊ शकतो, मुलगी फोटो चांगले काढते, तुम्ही सांगाल ते करू. एवढंच लिहा. तुमच्या डोक्यातली योजना पहिल्याच निरोपात मांडू नका. कदाचित उत्तर येईल की फोटोंचं काही ठरलेलं नाही, पण पिंजरे धुवायला आणि टॉवेल वाळत घालायला माणसं हवीत. मग ते करा. फोटोंचा विषय त्यांच्याकडूनच निघाला तर तुमच्या मुलीचा अनुभव सोन्यासारखा उपयोगी पडेल.

तिला आणखी एक समजावून सांगावं लागेल. तिने तिकडे पाहिलेल्या निवाऱ्यात बहुतेक धडधाकट प्राणी नव्या घराची वाट बघत असतात. इथे दिसतील ते अपघातात पाय गेलेले, कंबरेतून लुळे पडलेले, खरजेने अंगावरचे केस झडलेले. आणि बरं झालेलं रस्त्यावरचं कुत्रं बहुधा आपल्या गल्लीतच परत जातं. नसबंदी करून, रेबीजची लस टोचून त्याला जिथून उचललं तिथेच सोडायचं, असं 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत आहे. कानाला खाच मारलेलं कुत्रं दिसलं की समजायचं, याची नसबंदी झाली आहे. 'याला घर मिळालं का?' हा प्रश्न तिकडे स्वाभाविक आहे. इथे 'हा आपल्या गल्लीत सुखाने राहतो का?' हे विचारावं लागतं, आणि तेही चांगलंच काम आहे. पंधरा वर्षांच्या मुलीला हा फरक कळतो. फक्त तो तिथे उभं राहून धक्का बसण्याआधी घरात ऐकायला मिळाला पाहिजे.

सासूबाईंची भीती उडवून लावू नका. रेबीज एकदा लक्षणांपर्यंत पोचला की त्यातून माणूस जवळपास कधीच वाचत नाही. त्या ज्या पिढीच्या आहेत, त्या पिढीने असे मृत्यू जवळून पाहिलेत. त्यांना शब्दांनी धीर देण्यापेक्षा तयारी दाखवा. निघण्याआधी तिकडच्या डॉक्टरांना विचारून मुलांना रेबीजची प्रतिबंधक लस द्यायची का ते ठरवा. ती टोचलेली असली तरी चावल्यावर पुढचे डोस घ्यावेच लागतात, हेही लक्षात असू द्या. ओरखडा उठला, दात लागला, अगदी उघड्या जखमेवर कुत्र्याने चाटलं, तरी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं. घड्याळ लावून पंधरा. हळद, चुना, तिखट, काहीही लावायचं नाही. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. लस पालिकेच्या आणि सरकारी रुग्णालयांत मिळते. मुलांनी हे आजीसमोर म्हणून दाखवावं. आणि फोटोंच्या कार्यक्रमात येणारे प्राणी घरचे, पट्ट्यातले असतात, दारातच त्यांचं लसीकरणाचं पुस्तक पाहता येतं, हे त्यांना सांगा. पुस्तक नसेल तर प्रवेश नाही, अशी अट संस्थेने ठेवलेली नसेल तर ती ठेवायला सुचवा. ही एक सूचना मात्र तुम्ही नक्की करा. लशी पूर्ण न झालेली पिल्लंही नकोत. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू जमिनीवर महिनोन् महिने टिकतो आणि एका रविवारच्या हौसेपायी पिल्लू जातं.

आता संस्थेने फोटोंचा कार्यक्रम ठेवलाच तर त्या दिवसाबद्दल, कारण खरी मदत तिथेच होते.

वेळ सकाळची हवी. आपल्याकडे डिसेंबरातही दुपारी पारा तिशीपार जातो आणि पग किंवा शिह त्झूसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तेवढंही सोसत नाही. लोकरीचा सांताचा कोट घातला तर तेच कुत्रं दहा मिनिटांत धापा टाकायला लागतं. शिवाय हे लग्नसराईचे दिवस, संध्याकाळी कुठून वरात निघेल आणि फटाक्यांची माळ लागेल याचा नेम नाही. आठ ते अकरा पुरे. जागा म्हणून तलावपाळी किंवा उपवन सुचेल, तिथला उजेडही सुंदर असतो, पण गर्दी आणि हॉर्न यांत कुत्री बिथरतात. सोसायटीचा क्लबहाउस किंवा तळमजल्याचा हॉल बरा, कमिटीची लेखी परवानगी घेऊन. कुत्र्यांवरून आधीच वाद असलेल्या सोसायट्या खूप आहेत. तिथे तोंडी 'हो हो, करा' वर विसंबून बसलात तर ऐन वेळी गेटवर अडकाल आणि वॉचमन काकांना उगाच बोलणी बसतील.

सांता हवाच का, याचा विचार संस्थेने करावा, माझं मत नको असंच आहे. दाढी, टोपी, ढगळ कपडे घातलेला अनोळखी माणूस वरून वाकला की धीट कुत्रंही मागे सरतं. त्यापेक्षा घरचंच माणूस शेजारी खाली बसू दे. मागे साधा पडदा, हवा तर एखादा कागदी तारा. आजीच्या मांडीला टेकून बसलेल्या कुत्र्याचा फोटो कोणत्याही सांतापेक्षा सरस निघतो, आणि पुढे लोक तोच फ्रेम करून भिंतीवर लावतात. मुलीला सांगा, कॅमेरा कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, फ्लॅश बंद, उजेड बाजूच्या खिडकीतून. काळ्या कुत्र्याला तर बाजूचा उजेड हवाच, नाहीतर चेहरा म्हणजे नुसता काळा डाग.

पण कॅमेरा धरणाऱ्यापेक्षा रांगेत उभं राहणारं माणूस महत्त्वाचं. दोन कुत्र्यांमध्ये निदान सहा-सात फूट अंतर, पट्टा आखूड धरलेला, समोरासमोर नाकं नकोत. जांभया देणं, सारखे ओठ चाटणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, शेपूट पोटाखाली जाणं ही सगळी 'मला इथून न्या' अशी विनवणी असते. भुंकणारं कुत्रं निदान सांगतं तरी. हालचाल थांबवून ताठ उभं राहिलेलं कुत्रं जास्त जपायचं, त्याला लगेच बाहेर मोकळ्या हवेत न्यायचं. त्याच्या घरच्यांना फोटो हवा असतो, त्यांनी पैसे भरलेले असतात, म्हणून ते म्हणतात, 'एकच, पटकन'. तिथे गोड आवाजात पण ठामपणे 'काकू, थोडं फिरवून आणा, मग बघू' म्हणणारी मुलगी ही त्या सकाळची सर्वांत मोठी मदतनीस. तुमच्या लेकीने तिकडे हे पाहिलं असणार. ते इथे मराठीत म्हणायचा सराव घरी करून घ्या, तिला त्याचीच धास्ती जास्त असेल.

मांजरांना कुत्र्यांच्या वेळेत बोलावू नये. वेगळा तास, बंद खोली, पिंजऱ्यावर टॉवेल. झगमगीत चंदेरी पट्ट्या मांजरांजवळ अजिबात नकोत. त्या गिळल्या जातात, आतड्यात अडकतात आणि शस्त्रक्रियेवर येतं. फरशी पुसायला हात फिनाईलकडेच जातो, पण त्यातली फिनॉलसारखी रसायनं मांजरांना विषारी असतात. पाण्यात पातळ केलेलं ब्लीच वापरून वर साध्या पाण्याचा हात फिरवावा.

धाकट्याला खाऊच्या टेबलावर बसवा, हे काम नऊ वर्षांचं मूल फार मन लावून करतं. नाताळ म्हटलं की कुणीतरी प्लम केक आणतंच, आणि आजी नातवंडांसाठी घरचे लाडू पाठवतात. मनुके, बेदाणे, चॉकलेट, कांदा, हे सगळं कुत्र्यांना बाधतं; मनुक्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. तुम्ही तिकडून आणलेल्या बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये झायलिटॉल, म्हणजे कुत्र्यांना विषारी असलेला साखरेचा पर्याय, असेल तर ते बॅगेतसुद्धा त्या हॉलमध्ये नेऊ नका. माणसांचा खाऊ बाहेरच्या टेबलावर, प्राण्यांना फक्त त्यांच्या मालकाने आणलेला, एवढी राखण तो चोख करेल.

आता पैशांचं. तुमच्या नवऱ्याचा प्रस्ताव वाईट नाही, पैसा लागतोच, औषधांना, ॲम्ब्युलन्सच्या डिझेलला. पण तुमच्या घरात या बाबतीत दोघांना दोन नियम आहेत. तुमचा पासपोर्ट भारतीय, त्यामुळे तुम्ही स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी धरली जात नाही. नवरा अमेरिकन नागरिक, मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं कार्ड, असलं तरी त्यांची देणगी 2010 च्या परदेशी देणगी कायद्याखाली, म्हणजे एफसीआरएखाली येते. ठाण्यात उभं राहून रुपयांत दिली तरीही. ती फक्त त्या कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेलाच घेता येते, आणि 2020 च्या दुरुस्तीपासून नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच. छोट्या संस्थांकडे ही नोंदणी अनेकदा नसते. अशा संस्थेने भिडेखातर तुमच्या नवऱ्याचे पैसे घेतले तर तिच्यावर कारवाई होऊ शकते, आणि भोगतील ते प्राणी. न्यू जर्सीतल्या अमेरिकन नागरिक असलेल्या मित्रमंडळींकडून जमवलेले पैसेही याच कायद्यात बसतात. सासऱ्यांच्या खात्यातून फिरवून द्यायचा मार्ग कुणी सुचवेल, तो धरू नका. सासू-सासऱ्यांना स्वतःचे द्यायचे असतील तर अवश्य द्यावेत, रीतसर पावती घेऊन. करसवलत हवी असेल तर दोन हजारांच्या वर रोख नको. संस्थेच्या हिशेबनिसाला एक प्रश्न विचारला की सगळं स्पष्ट होतं. मेहनत मात्र या कायद्यात देणगी धरलेली नाही. नवऱ्यालाही रविवारी सकाळी सातला खुर्च्या मांडायला आणा, त्यांनाही बरं वाटेल.

जमलं तर दुसरा रविवार खुद्द निवाऱ्यात द्या. तिथे पिंजऱ्यांची निगा राखणाऱ्या दादांना प्रत्येक जनावर नावानिशी माहीत असतं. कोण झाडूला घाबरतो, कुणाच्या कानाला हात लावायचा नाही. मुलांनी आधी त्यांच्याजवळ बसावं, त्यांचं ऐकावं, मग प्राण्याजवळ जावं.

आणि तिथे एखादं पिल्लू धाकट्याच्या मांडीवर झोपणार, हे धरून चला. 'आपण नेऊया ना' ला 'बघू' म्हणू नका. अमेरिकेने 1 ऑगस्ट 2024 पासून नियम कडक केलेत : कुत्रं निदान सहा महिन्यांचं हवं, कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप हवी, आणि भारत रेबीजचा जास्त धोका असलेल्या देशांच्या यादीत असल्याने इथे लस टोचलेल्या कुत्र्याला वेगळी कागदपत्रं लागतात आणि ठरावीक विमानतळांवरूनच प्रवेश मिळतो. तीन आठवड्यांत हे सगळं होत नाही. त्याला तसं स्पष्ट सांगा, रडला तर रडू द्या, आणि त्याच पिल्लाला ठाण्यात घर मिळावं म्हणून काम द्या. त्याची ताई फोटो काढेल, तो मराठीत चार ओळी लिहील : वय किती, नर की मादी, लशी कोणत्या झाल्या, लहान मुलांशी कसं वागतं. शुद्धलेखन आजीकडून तपासून घ्यायचं आणि ते सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आजीनेच टाकायचं, कारण त्यांच्या शब्दाला शेजारी मान देतात. खाली फोन नंबर संस्थेचा द्या, तुमचा नको. तुम्ही परत गेल्यावर तुमचं इथलं सिम बंद असेल, आणि पिल्लासाठी फोन फेब्रुवारीतही येऊ शकतो.